उपासातलं पाणी

मार्चच्या पहिल्या गुरुवारी लिब्रादा तफोयाने नदीचा आवाज ऐकला आणि हातातली गवताची पेंढी तशीच धरून ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. आवाज ओळखीचा होता, पण मार्चमधला नव्हता. सावसाल गावात नदी असा गळा काढते ती एप्रिल सरताना, डोंगरावरचं बर्फ उतरायला लागलं म्हणजे. आत्ता तर अंगणातल्या बादलीवर सकाळी पापडी धरत होती.

गाईंनी माना पुढे काढल्या तेव्हा तिने पेंढी टाकली, जुनी गाडी काढली आणि तीन मैल वर, पाट जिथे नदीतून फुटतो तिथे गेली. नदी गढूळ झाली होती आणि दगडांवरून उड्या मारत खाली निघाली होती. यंदा हिवाळाभर बर्फ जेमतेम पडलं. त्यात फेब्रुवारीत वारं सुटलं आणि वाळवंटातली तांबडी धूळ डोंगरावर नेऊन बसवली. पांढऱ्या बर्फावरून ऊन परतून जातं, तांबड्याला ते चिकटतं. सगळं वितळून समोरून चाललं होतं आणि पाटात मात्र गेल्या वर्षीचा पाला, गाळ आणि काठच्या वाळुंज झाडांच्या मुळ्या होत्या. पाट साफ केल्याशिवाय पाटाचं दार उघडायचं नाही, आणि साफ करायचा तो उपासाचे चाळीस दिवस संपून ईस्टर झाल्यावर. ईस्टर यंदा एप्रिलच्या वीस तारखेला होतं.

दाराच्या लोखंडी चाकाला कुणीतरी एप्रन बांधून ठेवला होता. पिवळा, कोंबड्यांची नक्षी असलेला, मागे दोन लांब बंद. चांगली घट्ट गाठ मारली होती.

लिब्रादाच्या कानशिलांतून गरम वाफ गेली. तिने इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. डिसेंबरच्या सभेत ती एका मताच्या फरकाने पाटकरी झाली होती. तिचा नवरा बेलारमिनो बावीस वर्षं पाटकरी होता, पण त्याचे दोन्ही गुडघे गेले, आणि बाकी कुणाला ते झेंगट नको होतं. तेव्हा म्हाताऱ्या तिबुर्सियोने तिचं नाव घेतलं. तिचा चुलतभाऊ प्रोकोपियो मोठ्याने हसला होता. एकवीस घरांच्या पाटावर बाई कधी पाटकरी झाली नव्हती. गाठ सोडताना तिची नखं दुखली. एप्रन तिने फेकला नाही. चौघडी करून कोटाच्या खिशात कोंबला आणि घरी आली.

"नदी चढलीय," ती बेलारमिनोला म्हणाली.

तो खिडकीजवळ गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसला होता. "चढू दे. उतरेल."

"तेच म्हणतेय मी. उतरेल. आपण ईस्टरची वाट बघत बसू आणि ही उतरून जाईल."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"आत्ताच साफ करायचा पाट."

"उपासात?" बेलारमिनोने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने शुक्रवारी मटण शिजवलं होतं. "उपासात जमिनीला फावडं लावत नाहीत. माझ्या आज्यानं लावलं नाही, बापानं लावलं नाही."

ही रीत मुळात गुड फ्रायडेची. येशू कबरीत असताना माती उकरायची नाही, एवढंच. पण पूर्वी उपासाचे चाळीसही दिवस जमीन दगडासारखी गोठलेली असायची. फावडं घालणार कोण? त्यामुळे एका दिवसाचे चाळीस दिवस झाले तरी ते पाळणं कुणाला जड गेलं नाही. सावसालच्या लोकांना ही गोष्ट सांगितली तर ते अजूनही भांडायला उठतील.

"दोन वर्षं आपल्या दारापर्यंत थेंब आला नाही," लिब्रादा म्हणाली. "तिसरं वर्ष कोरडं गेलं तर तू मार्लीनला काय कबूल केलंयस, माहिताय ना?"

मार्लीन म्हणजे त्यांची मुलगी. ती आल्बुकर्की शहरात असायची आणि तिच्या घरात एक खोली रिकामी होती. यंदाही पाणी आलं नाही तर सहा गाई विकायच्या, घराला कुलूप घालायचं आणि त्या खोलीत जाऊन राहायचं, असं बेलारमिनोने नाताळात कबूल केलं होतं. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. लिब्रादाने ती एकदाच पाहिली होती आणि तिचा जीव गुदमरला होता. पाटावर त्यांचं दार सगळ्यांत शेवटी. एरवी वरची वीस घरं प्यायल्यावर जे उरेल ते त्यांचं.

ती रागारागाने शेडमध्ये खोरं शोधायला गेली. तिथे एका खिळ्याला बेलारमिनोची कॅलेंडरं टांगलेली होती, दर वर्षीचं नवं जुन्यावर, अशी बावीस. नदी चढली त्या दिवसाला तो गोल करायचा आणि पाट साफ केला त्या दिवसाला फुली. सगळी एकदम कुणी पाहिली नव्हती. लिब्रादाने गठ्ठा खाली काढला, जमिनीवर ओळीने मांडला आणि गुडघ्यांवर बसून पाहत गेली. सगळ्यांत जुन्या पानावर फुली एप्रिलमध्ये आणि गोल मे महिन्याच्या पाच तारखेला. पुढे पुढे गोल वर सरकत गेला होता. गेली सहा वर्षं तो फुलीच्या आधी येऊन बसला होता. पाणी येऊन जात होतं आणि मग हे पाट झाडत होते.

तिने ती सगळी उचलून बेलारमिनोच्या मांडीवर नेऊन टाकली. "तुझ्याच हातचंय. वाच."

त्याने वाचलं. एक एक पान दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "कॅलेंडर म्हणजे काय बायबल आहे?" आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तिने सांगितलं, "येत्या शनिवारी सकाळी सात वाजता. घरटी एक माणूस, स्वतःचं खोरं घेऊन."

प्रोकोपियोने टोपी मागे सारली. त्याचं शेत पाटाच्या अगदी वरच्या तोंडाशी. पाणी कितीही कमी असो, त्याला मिळायचंच. "प्रीमा," तो म्हणाला, कारण इथे चुलतबहिणीला तशीच हाक मारतात, "तुला स्वयंपाकातली घाई कळते. पाटाची घाई निराळी."

दोघातिघांनी माना खाली घालून हसू दाबलं. लिब्रादा तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करत होती. तिला संताप आला.

"फादरना विचारा," कुणीतरी म्हणालं.

फादर तीन गावं सांभाळायचे आणि त्यांना पुढच्या गावची प्रार्थना गाठायची होती. गाडीचं दार उघडता उघडता ते म्हणाले, "उपासात पाट साफ केला तर पाप लागतं असं मी तरी कुठं वाचलं नाही. पण शुक्रवारी मांस खाऊ नका." आणि गेले.

"फादर बाहेरचे आहेत," प्रोकोपियो म्हणाला.

"रीत मात्र आपली आहे," लिब्रादा म्हणाली. "जो पाट साफ करायला येत नाही, त्याचं दार उघडत नाही. ही पण रीतच आहे, प्रीमो. पहिलं दार असो की शेवटचं."

शनिवारी एकवीसपैकी नऊ जण आले. त्यांतले चौघे सत्तरीच्या पुढचे. एकोणऐंशी वर्षांचा तिबुर्सियो सगळ्यांच्या आधी येऊन नाक पुसत उभा होता. लिब्रादाने पाटकऱ्याची काठी आणली होती. पाच हात लांब, बेलारमिनोच्या बापाने तासलेली. ती पाटाच्या कडेने आडवी टाकायची, टाचेने मातीत खूण करायची, पुन्हा टाकायची. दर माणसाला एक काठी. आपापली काठी झाली की उभं राहायचं, सगळ्यांची झाली की पाटकरी ओरडतो आणि रांग पुढे सरकते.

पहिल्यांदा ओरडताना तिचा आवाज चिरकला. "पुढं!"

"ऐकू आलं गं," तिबुर्सियो म्हणाला. "आम्ही बहिरे नाही, नुसते म्हातारे आहोत."

वाळुंजाच्या सावलीत गाळ गोठलेला होता. खोरं त्याच्यावर आपटून परत यायचं आणि दणका खांद्यापर्यंत जायचा. कुदळीने खपली फोडायची, मग खोऱ्याने ढेकळं काठावर टाकायची, मग खाली बसून मुळ्या कापायच्या. अकरा वाजता ऊन आलं की तोच गाळ पातळ व्हायचा आणि बूट ओढून घ्यायचा. लिब्रादा माप घालायची आणि स्वतःची काठीही ओढायची. पाटकऱ्याने खोरं धरायची रीत नाही, पण नऊ माणसांत तीन मैल कसे होणार? दुपारी पाठ सरळ होईना. जेवणाला मसुराची आमटी आणि लाल मिरचीतली अंडी. सगळे काठावर एका रांगेत बसून मुकाट जेवले.

प्रोकोपियो दुपारी गाडी घेऊन आला. उतरला नाही. काच खाली करून बघत राहिला.

"किती झालं?"

"मोजायला खाली उतर," लिब्रादा म्हणाली.

"एप्रन नाही घातलास? कपडे खराब होतील."

तेव्हा तिला कळायला हवं होतं, पण ती दमली होती. तिने मान खाली घातली आणि खोरं मारलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने कुणाला दिसू दिलं नाही.

संध्याकाळी बेलारमिनोने तिचे हात पाहिले. तळव्यांवर फोड फुटले होते. तो उठला, कुबडी टेकत कपाटातून मलम आणलं आणि तिच्या बोटांना चोळत बसला. चोळता चोळता म्हणाला, "तुझं खोरं बोथट आहे."

"मग तुझं दे." त्याचं खोरं शेडमध्ये टांगलेलं होतं. दांड्यावर नाव डागलेलं, पातं झिजून चंद्रकोर झालेलं.

"माझं मी कुणाला देत नाही." "चर्चच्या खालचं वळण आहे ना, तिथं घुशी आहेत. काठ पोखरलेला असतो. काठी खुपसून बघत जा."

"आता सल्ले देतोयस?"

"बघ म्हटलं."

तिने पाहिलं नाही. ज्या माणसाने खोरं दिलं नाही त्याचं ऐकायचं तिच्या जिवावर आलं. हा तिचा हट्ट होता आणि तो तिला पुढे महाग पडला.

रविवार सोडून रोज काम चाललं. सोमवारी नऊचे अकरा झाले. बुधवारी पंधरा. कुणाच्या मनात रीत बदलली असं नाही. नदी सगळ्यांना ऐकू येत होती. पाणी घरापाठीमागून दिवसरात्र वाहत जातंय आणि आपण आढ्याकडे बघत पडलोय, हे शेतकऱ्याला किती दिवस सोसवेल? एक जण म्हणाला, बायकोने हाकललं. दुसरा म्हणाला, खोऱ्याला गंज चढत होता म्हणून आलो. लिब्रादाने कुणाला काही विचारलं नाही. काठी टाकली, टाचेने खूण केली, "ही तुझी," म्हणाली. आठवड्याने तिचा आवाज चिरकायचा थांबला. तिबुर्सियो म्हणाला की आता तर तिच्या ओरडण्याने कावळे उडतात.

अकराव्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या मैलाला, प्रोकोपियो दोन गडी घेऊन आला. बूट कोरे करकरीत. ती त्याच्याकडे न बघता तीन काठ्या मापून पुढे गेली. मात्र त्या तिन्ही काठ्या वाळुंजाच्या सगळ्यांत जाड बुंध्याशी आल्या. हा निव्वळ योगायोग होता असं ती आजही सांगते.

बुधवारी सव्वीस तारखेला सकाळी तिने चाक फिरवलं. दार कुरकुरलं, वर सरकलं आणि नदीचा एक हात पाटात शिरला. पहिलं पाणी वरची दारं बंद ठेवून टोकापर्यंत नेतात आणि पहिली पाळी शेवटच्या दाराला देतात. ते पाणी कधी स्वच्छ नसतं. पुढे फेस, काटक्या, पाला, मेलेले नाकतोडे असं सगळं ढकलत ते माणसाच्या चालीने येतं. दाताळी घेऊन लोक त्याच्या पुढे चालतात आणि अडेल तिथे कचरा ओढतात. बायकाही काठाकाठाने निघाल्या. प्रोकोपियोची बायको एलोईसा मोठा डबा घेऊन आली होती. त्यात पनोचा होता, मोड आलेल्या गव्हाच्या पिठाची खीर, उपासात घरोघर होते ती.

दोन मैल पाणी शहाण्यासारखं आलं. चर्चच्या खालच्या वळणावर ते थांबलं.

आधी वाटलं, पाला अडलाय. मग तिबुर्सियोला काठाशी भोवरा दिसला. बशीएवढा, मग परातीएवढा. पाणी गोल फिरून खाली जात होतं आणि पलीकडच्या ओढ्यात, वीस हात खाली, भसाभसा बाहेर पडत होतं.

"घुशीचं बीळ!" कुणीतरी ओरडलं.

बेलारमिनोने सांगितलं होतं. वळण सांगितलं होतं, काठी खुपस म्हणून सांगितलं होतं. काठाची माती ढपल्या ढपल्यांनी आत कोसळायला लागली. काठ फुटला तर शंभर हात पाट ओढ्यात जाईल, आणि तो बांधेपर्यंत नदी उतरून जाईल. मग मार्लीनची खोली आणि समोरची ती भिंत.

दगड टाकले, ते गेले. गवताची ढेकळं टाकली, ती गेली. वाळुंजाच्या फांद्या कोंबल्या, त्यांच्यामधून पाणी वाट काढत राहिलं. लिब्रादा कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पाणी सुऱ्यांसारखं बोचत होतं. भोकात पाय गेला तेव्हा मांडीपर्यंत ओढला गेला.

"कापड पाहिजे!" तिबुर्सियो ओरडला. "पिशवी काहीतरी! मातीला धरून ठेवणारं!"

तिने कोटाच्या खिशात हात घातला. पिवळा एप्रन बाहेर काढला, काठावर पसरला. "भरा!" दोघांनी त्यात चिकणमाती आणि दगड भरले. तिने चारी टोकं गोळा केली, लांब बंदांनी गच्च आवळली आणि ते गाठोडं भोकात ढकलून त्याच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. वरून फांद्या, ढेकळं, माती. ती तशीच उभी. पाय तिचे राहिले नव्हते. हळूहळू भोवरा लहान झाला, परातीचा बशीएवढा, मग नुसती वळवळ. मग पाणी तिच्या कमरेला वळसा घालून पुढे निघालं.

लोकांनी दाताळी खाली टेकवली.

एलोईसा पुढे वाकली. चिखलातून एक बंद आणि दीड कोंबडी वर दिसत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "हा माझा एप्रन! नाताळापासून शोधतेय मी. तुझ्याकडे कसा आला?"

लिब्रादा थंडीने दात वाजवत म्हणाली, "दाराच्या चाकाला होता. कुणीतरी माझ्यासाठी बांधून ठेवला होता."

एलोईसाने सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांनी पाहिलं. प्रोकोपियोचे कान मिरचीसारखे लाल झाले.

"बायकोची वस्तू ती," तिबुर्सियो गंभीरपणे म्हणाला, "आणि तू ती बहिणीला देऊन टाकलीस, प्रोकोपियो. मन मोठं आहे तुझं."

एवढं झाल्यावर मात्र सगळा काठ हसला. लिब्रादाही हसली. हसताना तिला रडूही आलं आणि ते तिने आता लपवलं नाही. प्रोकोपियोने टोपी काढली, काठावर ठेवली, कोऱ्या बुटांनिशी पाण्यात उतरला आणि तिच्या बाजूला माती ठोकायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "जा तू पुढं, पाटकरीण. मी थांबतो इथं, मुरेपर्यंत."

त्याने तिला पाटकरीण म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं. तिने नुसती मान हलवली. एलोईसाने तिच्या हातात गरम पनोचाची वाटी दिली आणि ती चालता चालता खात पुढे गेली.

शेवटच्या दाराशी बेलारमिनो उभा होता.

एका काखेत कुबडी आणि दुसऱ्या हातात त्याचं खोरं. पातं धार लावून लखलखत होतं. ते काही एका दिवसाचं काम नव्हतं. अकरा दिवस हा शेडमध्ये बसून काय करत होता ते आत्ता तिला कळलं. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या पाटाच्या तळाला भेगा होत्या. फेस पुढे घेऊन पाणी आलं, भेगांमध्ये शिरलं, खालून बुडबुडे सोडत वर आलं आणि लाकडी दाराला लागून उभं राहिलं. बेलारमिनोने दाराला हात लावला नाही.

पाटकऱ्याने सांगितल्याशिवाय कुणी आपलं दार उघडायचं नाही. बावीस वर्षं लोक त्याच्यासमोर उभे राहून विचारत आले होते. त्याने टोपी काढली.

"मायोर्दोमा," तो म्हणाला. चर्चमध्ये बोलावं तसं, पाटकरणीचं त्यांच्या भाषेतलं पुरं पद घेऊन म्हणाला. "पाणी घेऊ का?"

लिब्रादाने त्याच्याकडे पाहिलं. कमरेपर्यंत ओली, केसांत चिखल, हातात खिरीची रिकामी वाटी.

"तीन तास," ती म्हणाली.

"तीन तास," बेलारमिनो म्हणाला आणि दाराखाली खोरं घातलं.

पाणी शेतात पसरलं. लसूणघासाची वाळकी खोडं आधी काळी पडली, मग त्यांच्यामधून आभाळ दिसायला लागलं. गाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. बेलारमिनो कुबडी टाकून, खोऱ्यावर भार देत, कोपरे धरत फिरत होता. गुडघे दुखत असतील, पण तोंडावर काही दिसत नव्हतं. तिबुर्सियो कुंपणावर बसून सगळं बघत होता.

तीन तासांनी लिब्रादा कोरडे कपडे घालून आली. खालचा एक कोपरा अजून कोरडा होता.

"पाच मिनिटं दे," बेलारमिनो म्हणाला. "एवढा कोपरा भिजू दे."

"बावीस वर्षांत तू कुणाला दिलीस पाच मिनिटं?"

"कुणाला नाही."

"मला?"

"तुलाही नाही."

"मग?"

त्याने दार खाली केलं, वरून दोन खोरी माती टाकली आणि पात्याने थापटली. चांगली थापटली. एक थेंब झिरपला नाही.

आठवडाभर नदी चढीच राहिली आणि एकवीस घरांच्या दोन पाळ्या झाल्या. मग ती उतरायला लागली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मधले दगड उघडे पडले. ईस्टरच्या दिवशी, जेव्हा सावसालमध्ये आजवर कुठे खोऱ्याला धार लावायची वेळ यायची, तेव्हा नदी बूट न भिजवता ओलांडता येत होती. पण शेतांच्या पोटात पाणी होतं. बेलारमिनोच्या शेतात लसूणघास घोट्याच्या वर आला होता. खालचा तेवढा कोपरा पिवळट राहिला होता आणि येणाऱ्या जाणाऱ्याला तो आवर्जून दाखवायचा. चर्चच्या पायऱ्यांवर पुढच्या वर्षी पाट कधी साफ करायचा यावर कुणी वाद घातला नाही. प्रोकोपियोने फक्त विचारलं, "फेब्रुवारीतच बघायचं का, प्रीमा?" ती म्हणाली, नदीला विचारून सांगते.

दुपारी जेवणं झाल्यावर मार्लीनचा फोन आला. तो बेलारमिनोने उचलला. लिब्रादा ताटं धुता धुता ऐकत होती.

"बाबा, खोलीला रंग देऊन घेतला. तुम्ही कधी येताय?"

"त्या खोलीत तुझं शिवणयंत्र ठेव," बेलारमिनो म्हणाला. "आम्ही येत नाही."

"का? पाणी आलं?"

"आलं." त्याने खुर्ची सरकवली, स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल अशी. "तीन तास आलं. मी म्हटलं, पाच मिनिटं जास्त दे. या हातांनी बावीस वर्षं तो पाट चालवला, मार्लीन, आणि मी नुसती पाच मिनिटं मागितली. काय सांगू तुला? तुझ्या आईनं दिली नाहीत!"